आधी कान तपासा, मग बुद्धी

मराठवाड्यात एखाद्या मुलाच्या बुद्धीचा निकाल बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावी, रुग्णालयातल्या एका गर्दीच्या खोलीत, अर्ध्या तासात लागतो. आईबाप पहाटेची एसटी धरून आलेले असतात. बापाचा रोज बुडालेला असतो. आईच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, चार फोटो आणि शाळेचा दाखला असतो. रांगेत उभं राहून मूल पेंगुळतं. आत गेल्यावर अनोळखी माणूस भराभर प्रश्न विचारतो, मूल खाली मान घालून गप्प बसतं आणि बाहेर येतं तेव्हा कागदावर एक आकडा पडलेला असतो. त्या आकड्यावर युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, निघतं, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान ठरतं आणि गावात, शाळेत त्या पोराची ओळखही ठरून जाते.

आपल्याकडे निदानाचा क्रम उलटा झाला आहे, हे मला मांडायचं आहे. प्रमाणपत्र आधी, कारण नंतर, आणि मदत जमलीच तर. वास्तविक मूल का शिकत नाही हे शोधणं म्हणजे निदान. ते शोधायचं तर त्याचे कान, डोळे, रक्त, घरची बोली आणि शाळेत प्रत्यक्ष भरलेले दिवस आधी बघावे लागतात. शिकवण्याची मदत तर आकडा येण्याआधीच सुरू व्हायला हवी. हे सगळं तालुक्याच्या गावी होऊ शकतं. होत नाही, कारण ते कुणी मागत नाही.

माझ्या कामामुळे मला जिल्हा परिषदेच्या शाळांवर जावं लागतं. दोन मुलांबद्दल सांगते.

पहिला चौथीतला मुलगा. रविवारच्या बाजारात आईशेजारी भाजी घेऊन बसतो. पावशेर मिरची पंधराची, कोथिंबिरीच्या दोन जुड्या वीसच्या, गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली की पासष्ट रुपये हातावर ठेवायला त्याला क्षणभरही लागत नाही. वर्गात मात्र हाच मुलगा ‘प्रकाश’ला ‘पकाश’ वाचतो, ‘धर’ आणि ‘घर’ यांत अडकतो, जोडाक्षर आलं की चित्राकडे बघून अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. ‘पंचवीस’ सांगितलं की 52 लिहितो. मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि दशक मागून, त्यामुळे पहिली-दुसरीत बरीच मुलं हे करतात. चौथीपर्यंत ते सुटायला हवं, याचं सुटलेलं नाही. गुरुजींचं मत ठरलेलं : डोकं आहे, पण आळशी आहे.

दुसरी सहावीतली मुलगी. तिची वही कुणालाही दाखवावी अशी. फळ्यावरचं सगळं उतरवून घेते, रेघ न सोडता, काना-मात्रा न चुकवता. त्यातला एक शब्द तिला वाचता येत नाही. दुकानातून दोन वस्तू सांगितल्या तर एक आणते, म्हणून आई पैसे आणि चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधून देते. खेळायला तिला अंगणवाडीतली पोरं लागतात. जन्मल्यावर बराच वेळ रडली नव्हती, असं आजीने सांगितलं, तेही दुसऱ्याच विषयावर बोलताना. पाच वर्षं ती वर्गात बसून होती आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती त्रास देत नव्हती.

या दोघांना एकाच रांगेत उभं करणं चूक आहे. मुलाची लक्षणं अध्ययन अक्षमतेकडे बोट दाखवतात : बुद्धी शाबूत, पण मेंदूला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालायला जड जातं. मुलीची बौद्धिक अक्षमतेकडे. तिथे 70 च्या खालचा बुद्ध्यांक पुरत नाही. रोजच्या जगण्यातली कौशल्यंही वयाच्या मानाने मागे असावी लागतात आणि हे वाढीच्या वयातच सुरू झालेलं असावं लागतं. एकाला वाचायची वेगळी रीत शिकवावी लागेल, दुसरीला आधी पैसे ओळखणं, पाळीची काळजी घेणं, आपलं नाव-गाव सांगणं, कुणी अंगचटीला आलं तर ओरडणं. गावात दोघांनाही एकच अक्षर चिकटतं : ढ.

पोरींचं विशेष सांगायला हवं. मुलगा शिकला नाही तर बाप त्याला चार दवाखाने फिरवतो. मुलगी शिकली नाही तर घरात हाताखाली येते, भांडी घासते, धाकट्याला सांभाळते आणि तेवढ्याने भागतं. बालविवाहाच्या आकडेवारीत परभणी आणि बीड राज्यात वरच्या रांगेत आहेत. ज्या मुलीला व्यवहार कळत नाही तिचं लग्न उरकून टाकणं हा आपल्याकडे उपाय समजला जातो. तिचं निदान सासरी होतं, आणि तिथे ते कसं होतं हे कुणाला सांगायला नको.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात पहिल्यांदा आली. महाराष्ट्राने मात्र त्याच्या वीस वर्षं आधी, 1996 मध्येच, अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती : जादा वेळ, लेखनिक, विषयात सूट. त्यासाठीची तपासणी मुंबईत, सायनसारख्या मोठ्या रुग्णालयांत रुजली. तिथल्या डॉक्टरांनी खरोखर पायाभूत काम केलं. पण त्यामुळे अध्ययन अक्षमता म्हणजे शहरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या मुलांची गोष्ट, असा समज आपल्याकडे घट्ट बसला. जिंतूरच्या किंवा मुखेडच्या मुलाला वाचता आलं नाही तर कारण ठरलेलं : घरी कुणी अभ्यास घेत नाही.

हे कारण पुष्कळदा खरंही असतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. वर्गातल्या पंधरा-वीस मुलांना वाचता येत नसेल, तर त्यातल्या ज्या एक-दोघांची अडचण मेंदूतली आहे ती दिसणार कशी?

म्हणून सुरुवात सोप्या गोष्टींपासून करायला हवी. आपल्याकडे लहान मुलाचा कान वाहणं हा आजार मानत नाहीत. कोमट तेल टाकतात, कापसाचा बोळा लावतात, पावसाळा संपला की थांबेल म्हणतात. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाने ऐकणं कमी होतं, आणि ज्याला ‘त’ आणि ‘थ’ सारखेच ऐकू येतात तो ते वेगळे लिहिणार कसे? तीच गोष्ट चष्म्याची. फिटचा एक प्रकार असा असतो की त्यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत. काही सेकंद नजर एका जागी थिजते आणि परत येते. वर्गात त्याला ‘लक्ष नसतं’ म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळपास 69 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. रक्त कमी असलेलं मूल दमतं, पेंगतं, लक्ष लावू शकत नाही. यांतलं काहीही न तपासता बुद्ध्यांक मोजणं हा मुलावर अन्याय आहे.

थायरॉइडचं उदाहरण तर मनाला लागून राहतं. जन्मतःच थायरॉइड कमी असण्याचं प्रमाण साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक आहे. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ते कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीचं नुकसान जवळपास पूर्ण टळतं. गोळी स्वस्त आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्या किती बायकांच्या बाळांची ही तपासणी होते? जे बाळ वाचवता आलं असतं ते आठव्या वर्षी प्रमाणपत्राच्या शिबिराच्या रांगेत येतं आणि आपण त्याला दिव्यांगत्वाची टक्केवारी देतो.

आता ऊसतोडीकडे येऊ. बीडच्या आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी भागातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली पोरं शाळेत टिकतात. बाकीची फडावर जातात. त्यांचं दुसरं सत्र दर वर्षी बुडतं. चौथीत पोहोचलेल्या अशा मुलाला प्रत्यक्षात दोन वर्षांइतकीही शाळा मिळालेली नसते. अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतच म्हटलं आहे की पुरेसं शिकवलं न गेल्यामुळे आलेली अडचण म्हणजे अक्षमता नव्हे. डीएसएम-5 या 2013 च्या निदान-पुस्तिकेत तर अट अशी आहे की नेमकी मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकलेली असली पाहिजे. फडावरून एप्रिलमध्ये परतलेल्या पोराला मे महिन्यात शिबिरात बसवलं तर आपण त्याची बुद्धी मोजत नाही, त्याची गैरहजेरी मोजतो.

उलट बाजूही तितकीच खरी. ‘ऊसतोडीमुळे मागे पडलंय’ हे एकदा म्हटलं की खरोखर अक्षम असलेलं मूलही त्याच सबबीखाली झाकलं जातं. दोघांना वेगळं करायचा रस्ता एकच : शिकवून बघणं. चार-सहा महिने रोज अर्धा-पाऊण तास, अक्षरं आणि ध्वनी यांवर नेमकं काम करायचं, आणि दर आठवड्याला किती शब्द वाचता आले ते लिहून ठेवायचं. बरीच मुलं भराभर पुढे सरकतात. ती फक्त शाळेला मुकलेली असतात. जे तिथेच राहतं त्याला तपासणीला न्यायचं, आणि नेताना ती वही बरोबर द्यायची. कुठल्याही अर्ध्या तासाच्या चाचणीपेक्षा त्या वहीत जास्त सापडेल.

भाषेचा प्रश्न मराठवाड्यात फार खोल आहे. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, आईला याडी म्हणतं. किनवटकडे गोंडी, कोलामी, तेलुगू कानावर पडते. देगलूर, उदगीर, उमरगा भागात कन्नड-तेलुगू घरात आहे, शहरांत उर्दू आहे. अशा मुलाला पहिलीत एकदम प्रमाण मराठी भेटते, आणि बुद्धीची चाचणीही त्याच मराठीत, कधी हिंदीत होते. शब्दांचे अर्थ, दोन वस्तूंतलं साम्य, ‘असं झालं तर काय करशील’ या धर्तीच्या प्रश्नांत त्याचे गुण जातात ते भाषेमुळे. चाचणी घेणाऱ्याने घरची भाषा विचारावी, ती बोलणारं माणूस शेजारी बसवावं, शब्दांवर कमी अवलंबून असलेल्या चाचण्या वापराव्यात. यातलं काही महाग नाही.

चाचण्याही जुन्या आहेत. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीचं कानडी आणि मराठी मुलांसाठी केलेलं रूपांतर 1930 च्या दशकातलं. त्याच परंपरेतली बिने-कामत चाचणी आजही टेबलावर असते. मलिन यांनी नागपुरात केलेलं मुलांच्या बुद्धिमापनाचं भारतीय रूपांतर 1969 चं. दोन्ही कामं आपापल्या काळात मोठी होती. पण पिढ्यांगणिक अशा चाचण्यांतली सरासरी वर सरकत जाते, म्हणून जुन्या निकषांवर आजच्या मुलाचे गुण फुगतात. भाषेमुळे आकडा खाली येतो, जुन्या निकषांमुळे वर जातो. या दोन्हींतून निघालेल्या आकड्यावर 69 आणि 71 मधला फरक आपण दगडावरची रेघ समजतो.

दैनंदिन कौशल्यं मोजायला व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात. त्यात 89 बाबी आहेत आणि त्या मुख्यतः आईवडिलांना विचारून भरायच्या. हे साधन आपल्या भागासाठी खरं तर फार उपयोगी आहे, कारण इथलं सात-आठ वर्षांचं मूल शेळ्या राखतं, पाणी भरतं, धाकटीला कडेवर घेऊन फिरतं. ते काय करू शकतं हे घरातल्यांना नीट माहीत असतं. पण घाई आड येते. रांग मोठी असली की आईला अंदाज येतो, आणि ती काय उत्तर द्यायचं ते ठरवून टाकते. जिला अनुदानाची गरज आहे ती सगळ्याला ‘नाही येत’ म्हणते. जिला लाज वाटते ती सगळ्याला ‘येतं की’ म्हणते. दोघीही खोटारड्या नाहीत. त्यांना शांतपणे, त्यांच्या बोलीत, चहाचा कप हातात देऊन विचारणारं कुणी नसतं एवढंच.

सगळ्यात वाईट अवस्था मधल्या मुलांची आहे. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळायला बुद्ध्यांक 85 च्या वर हवा, अशी अट होती. बौद्धिक अक्षमतेसाठी तो 70 च्या खाली हवा. 70 ते 84 मधली मुलं सीमारेषेवरची. त्यांना फार तर 25 टक्के मिळतात आणि बहुतेक योजनांची अट 40 टक्क्यांची आहे. म्हणजे ही मुलं सगळ्यातून बाहेर. सांख्यिकीच्या हिशेबाने शंभरात तेरा-चौदा मुलं या पट्ट्यात येतात, दिव्यांग ठरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. नववीपर्यंत ती वर ढकलली जातात, दहावीत गणित-इंग्रजीत आपटतात आणि टेम्पोवर क्लीनर होतात किंवा पुण्या-चाकणला हेल्पर. प्रमाणपत्राशी मदत बांधून ठेवली की हेच होणार. वाचायला शिकवण्याची मदत मुलाला गरजेप्रमाणे मिळाली पाहिजे, टक्केवारीप्रमाणे नाही. प्रमाणपत्र आर्थिक लाभांसाठी आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी राहू द्यावं.

काही समंजस माणसं म्हणतात, मुलांवर शिक्के कशाला मारता, प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं. त्यांची तळमळ मला कळते. पण शिक्का आधीच बसलेला असतो. ‘ढ’, ‘येडं’, ‘आळशी’ हे शिक्के कुठल्याही चाचणीविना बसतात आणि त्यांच्याबरोबर छडीही येते. बाजारात पासष्ट रुपये अचूक परत देणाऱ्या त्या मुलाला आपलं नेमकं काय अडतंय हे कळणं त्याच्या हिताचं आहे. त्याच्या बापाला ते कळणं तर त्याहून गरजेचं, कारण संध्याकाळी मार तो देतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा : आम्ही काय काय करायचं? निवडणुका आमच्याकडे, पोषण आहाराचा हिशेब आमच्याकडे, रोज नवी ऑनलाइन माहिती आमच्याकडे. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. तिसरीत किंवा आठव्या वर्षी पहिली चाळणी शिक्षकांनी करावी असं नियमांत आहे. एनसीईआरटीने 2022 मध्ये त्यासाठी ‘प्रशस्त’ ही तपासणी-सूची आणली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये ‘डाली’ हा वाचन-अक्षमतेच्या तपासणीचा संच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही तयार केला. साधनं आहेत, पण शिक्षकाच्या हातात ती एखाद्या लिंकच्या रूपाने येतात. सूची भरली की पुढे कोण येणार, याचं उत्तर मिळत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तो ती मनापासून भरत नाही.

पुढे येणाऱ्यांची कागदावर कमतरता नाही. 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतात. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात, आणि त्यांनी शोधायच्या 30 आजार-अवस्थांत अध्ययनातली अडचणही आहे. पण एका दिवसात शाळा उरकायची असल्यावर उंची, वजन, दात आणि डोळे एवढंच होतं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक हे काम जाणतात; ते कंत्राटी आहेत आणि एकेकाकडे शाळांची लांबलचक यादी असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिकला अशा दहा मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं ठरवलं. त्या हिशेबाने आपल्या एकेका तालुक्याला किती लागतील, हा आकडा जिल्हा परिषदेच्या सभेत एकदा तरी मांडला जावा.

लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. नीटच्या निकालाच्या दिवशी चौकाचौकांत फलक लागतात. एक मूल पुढे काढण्यासाठी या भागात केवढी यंत्रणा उभी राहते, किती पैसा, किती चिकाटी! त्यातला थोडा भाग ‘प्रकाश’ वाचू न शकणाऱ्या मुलासाठी वळवायला काय हरकत आहे? महिन्यातून एक दिवस प्रत्येक उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ, कानाचे डॉक्टर, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र बसले पाहिजेत. छत्रपती संभाजीनगरची घाटी आणि अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपापले तालुके वाटून घ्यावेत. एका मुलाला एका बैठकीत निकाली काढायचं नाही, दोन-तीनदा बोलवायचं, आणि त्या प्रत्येक खेपेचं एसटीभाडं आणि बुडालेला रोज द्यायचा. किनवटच्या माहूरकडच्या टोकाहून नांदेड गाठण्यात ज्याचा आख्खा दिवस जातो, त्याला ‘पुन्हा या’ म्हणणं म्हणजे ‘येऊ नका’ म्हणणं असतं.

आणि एक गोष्ट या हंगामापासूनच करता येईल. स्थलांतरित मुलांबरोबर शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला सरळ बसता येतं. त्या कार्डावर चार ओळी वाढवाव्यात : कान आणि डोळे कधी तपासले, घरी कुठली भाषा बोलतात, किती वाचता येतं, आणि आत्तापर्यंत काय शिकवून पाहिलं. मग कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या शाळेतल्या बाईंना बीडच्या पोराबद्दल पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागणार नाही, आणि एप्रिलला ते परत येईल तेव्हा इथल्या गुरुजींनाही नाही. कोयते निघायच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ही कार्डं भरून व्हायला हवीत.